शून्याची नोंद



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्या सरांनी आम्हाला आठवी ते दहावी शास्त्र शिकवलं. शाळेच्या मागच्या अंगणात त्यांनी एक पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी साडेआठला नरसाळं उचलायचं, पाणी मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा, अशी आम्हा मुलांची पाळी असे. जून ते सप्टेंबर मजा यायची. सर मात्र जानेवारीतही पाठवायचे. कोरडं ठणठणीत नरसाळं बघून यायचं आणि ०.० लिहायचं. एकदा मी आठवडाभर गेलोच नाही, रकाने मोकळे सोडले. पाऊस नव्हताच, ते काय लिहायचं? सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाऊस नव्हता की तू नव्हतास, हे वही वाचणाऱ्याला कसं कळणार?"

या प्रश्नानं माझं आयुष्य बदललं वगैरे काही झालं नाही. पण पुढे तीसएक वर्षं मी संग्रहालयांत आणि वनस्पतींच्या संग्रहांत किडे मोजायचं काम केलं, आणि माझ्या वह्यांतल्या निम्म्याहून जास्त नोंदी शून्याच्या आहेत.

आता हा माझ्या हातातला पुठ्ठा. मागच्या रांगेला दिसणार नाही, म्हणून सांगतो. वीतभर लांबीचा तुकडा आहे, दुमडला की कौलारू छपरासारखा उभा राहतो. आत तळाला न वाळणारा चिकट थर आहे. मधोमध रबराची एक गुंडी, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी. पाठीवर तारीख आणि क्रमांक. इंग्लंडमध्ये काही महिने शिकायला होतो तेव्हा ज्या बाईंच्या हाताखाली काम केलं, त्यांनी निरोप देताना मला हा सापळा दिला. शाल-श्रीफळ तिकडे नसतं. चिकट थरावर अकरा पतंग आहेत, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढा, जुन्या जरीच्या रंगाचा. अकराच्या अकरा नर. गुंडीत त्यांच्या जातीच्या मादीचा गंध होता. खरी मादी नव्हतीच.

आपल्या शेतीच्या मराठीत याला कामगंध सापळा म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातलं कुणी इथे असेल तर त्यांनी तो कपाशीत काठीला बांधलेला पाहिला असेल. 'फेरोमोन ट्रॅप' या नावात काही कळत नाही, कामगंध म्हटलं की निम्मी कथा सांगून होते. परिभाषा घडवणाऱ्यांवर आपण एरवी पुष्कळ हसतो, तेव्हा इथे त्यांना दाद द्यायला हवी.

दुसऱ्या एका शब्दाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तो शब्द म्हणजे कसर. पुस्तकाच्या पानांतून सळकन पळणारा चंदेरी किडा, तो कसर. शालीला भोकं पाडणारी अळी, तीही कसर. दप्तर आरपार पोखरणारा भुंगेरा, त्यालाही कुणी कसर म्हणतं. घरात हे चालून जातं, कारण घरात उपाय एकच असतो, डांबरगोळ्या. संग्रहालयात चालत नाही. चंदेरी किड्याला ओल लागते. लोकरीच्या अळीला केस, पिसं, लोकर लागते. भुंगेऱ्याला वाळकं फूल, पुस्तकाच्या बांधणीतली खळ, मसाला असं काहीही चालतं. कोण आहे हे कळलं तर कुठे शोधायचं ते कळतं. आणि कामगंधाचा गुण हाच, की तो एका वेळी एकाच जातीशी बोलतो. लोकरीच्या पतंगाचा गंध भुंगेऱ्याच्या गावीही नसतो.

या लोकरीच्या पतंगाची, म्हणजे माझ्या पुठ्ठ्यावरच्याच पतंगाची, रीत सांगतो. मादी चाळीस-पन्नास अंडी घालते, लोकरीच्या धाग्यांमध्ये, डोळ्याला जेमतेम दिसतील अशी. अंड्यातून पांढरट, तपकिरी डोक्याची अळी निघते. लोकर, केस, पीस, नख हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं आणि ते पचवणं फार थोड्या प्राण्यांना जमतं. ही अळी त्यांतली एक. तरी नुसती स्वच्छ लोकर तिला पुरत नाही. घामाचा डाग, सांडलेलं वरण, अंगाचा मळ असेल तिथे ती रमते, म्हणून भोकं बहुधा कॉलरीपाशी आणि काखेत सापडतात. तोंडातून रेशमासारखा धागा काढून ती जाळी विणते आणि जाळीआड खात राहते. ऊब असेल तर काही महिन्यांत, थंडी असेल तर वर्षाहून अधिक काळाने तिचा पतंग होतो. पतंगाला खायला तोंडच नसतं. खायचं ते अळीपणी खाऊन झालेलं असतं, आता उरलेले दिवस फक्त जोडीदार शोधायचा. मादी उडायला नाखूश असते, उजेड दिसला की तुरुतुरु पळून घडीत शिरते. तेव्हा संध्याकाळी खोलीत पतंग भिरभिरताना दिसला आणि आपण टाळी वाजवून तो मारला, तर बहुतेक एक नर मेला. मादी कपाटात शांत बसलेली असते.

म्हणजे सापळ्यात जो सापडतो तो नुकसान करणारा नव्हे. चोर पकडायला निघालेल्या पोलिसानं चोराच्या भाच्याला धरून आणावं, तसा हा प्रकार. मग उपयोग काय? भाच्याला बोलतं करायचं. तो कुठून आला, कधीपासून येतोय, संख्या वाढतेय का, हे विचारायचं.

पतंगांना हा गंध कळतो हे माणसाला कसं कळलं, त्याची गोष्ट मोठी रंजक आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या दक्षिणेला झाँ-आन्री फाब्र नावाचा निरीक्षक राहायचा. त्याच्या घरात एका सकाळी मोठ्या मोरपतंगाची मादी कोशातून बाहेर आली. त्यानं ती जाळीच्या झाकणाखाली ठेवली. रात्री घरभर पंखांची फडफड. उघड्या खिडक्यांतून चाळीसएक नर आत आले होते. अंधारात, झाडाझुडपांतून, थेट तिच्याकडे. त्यांना वास येत असावा असा संशय घेऊन फाब्रनं वास मारायचा प्रयत्न केला. कशानं? नॅफ्थलीननं, म्हणजे आपल्या डांबरगोळीनं. खोली दरवळली, पण नर यायचे ते आलेच. तुमच्या-माझ्या आज्ज्यांनी ट्रंकेत जो उपाय केला, त्याची परीक्षा शंभर वर्षांपूर्वीच अशी होऊन गेली होती. माणसाचं डोकं उठवणाऱ्या त्या वासात पतंगाला आपल्या कामाचा गंध वेगळा काढता येतो.

तो गंध म्हणजे कोणतं द्रव्य, हे सांगायला १९५९ साल उजाडलं. जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाच्या सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथी काढून, वीसएक वर्षं खपून, त्यांतून काही मिलिग्रॅम द्रव्य वेगळं केलं. त्याचं नाव बॉम्बिकॉल. बुटेनांट यांना नोबेल आधीच मिळालेलं होतं, १९३९ चं, माणसाच्या लैंगिक संप्रेरकांवरच्या कामासाठी. त्याच १९५९ साली कार्लसन आणि ल्यूशर या दोघांनी 'फेरोमोन' हा शब्द घडवला. रेशमाचा पतंग निवडला गेला, कारण तो पाळीव होता आणि लाखांनी मिळत होता.

यापुढची गोष्ट मी जरा कडवटपणे सांगतो. संग्रहालयासाठी कुणी पाच लाख भुंगेऱ्यांच्या ग्रंथी काढलेल्या नाहीत. आज आम्ही जे गंध वापरतो, ते बहुतेक व्यापाराच्या गरजेतून आलेले आहेत. सिगारेट-भुंगेरा म्हणून एक दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस किडा आहे, मान खाली घालून बसणारा, पाठीला पोक काढल्यासारखा. तंबाखूच्या गोदामांचा हा जुना शत्रू. त्याच्या मादीचा गंध, सेरिकॉर्निन, १९७९ मध्ये जपानच्या सरकारी तंबाखू महामंडळातल्या रसायनशास्त्रज्ञांनी शोधला. पैसा सिगारेटचा, आणि फायदा आमच्या वाळलेल्या फुलांना. याचाच चुलतभाऊ बिस्किट-भुंगेरा. त्याच्या गंधाची, स्टेगोबिनोनची, एक गंमत आहे. त्याच अणूंचा, तितक्याच वजनाचा रेणू असतो, फक्त एके ठिकाणची मांडणी उजवीऐवजी डावी असते. असा रेणू गुंडीत मिसळला गेला, तर नर येण्याऐवजी मागे फिरतात. प्रयोगशाळेतली बारीक चूक आणि सापळा रिकामा! रिकाम्या सापळ्यावर लगेच खूश होऊ नये, ते याही कारणासाठी.

आणि हे भुंगेरे काही आजचे नाहीत. तुतनखामेनच्या थडग्यातल्या सामानातही त्यांचे अवशेष सापडले. आपल्याकडे बहुतेकांची त्यांच्याशी पहिली भेट मात्र घरच्या हळदीच्या डब्यात होते.

हळदीवरून माझी स्वतःची फजिती सांगतो. गावाचं आणि कॉलेजाचं नाव विचारू नका. तिथे सह्याद्रीतल्या वनस्पतींचा सुंदर संग्रह होता, तीन पिढ्यांच्या प्राध्यापकांनी डोंगर तुडवून जमवलेला. एक दिवस सोनकीचा कागद उघडला, तर पिवळ्या फुलांच्या जागी पिवळा भुगा. देठ शाबूत, पानं शाबूत, फुलं साफ. किड्याला पक्वान्न कळतं. खालचे चार कागद टाचणीनं टोचल्यासारखे आरपार. मग नेहमीचं सगळं झालं. कपाटं पुसली, डांबरगोळ्यांचा थर वाढवला, एका कंत्राटदाराकडून फवारणी करून घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा भुगा.

तेव्हा कुठे मी बारा सापळे मागवले. खोलीचा नकाशा काढला, सापळ्यांना क्रमांक दिले आणि ते कपाटांच्या रांगांत, खिडकीशी, जिन्याखाली, कार्यालयाच्या दाराशी ठेवले. दर सोमवारी मोजणी. महिनाभरात चित्र उमटलं, आणि ते माझ्या समजुतीच्या उलट होतं. संग्रहाच्या कपाटांजवळ दोन-तीन भुंगेरे. खिडकीशी शून्य. नऊ नंबरचा सापळा कार्यालयाच्या दाराशी होता, तिथे चिकट जागाच उरली नव्हती. मी नऊ नंबर काढून आत कार्यालयात ठेवला. आठवड्यानं आणखी आत. लपाछपीच्या खेळात मुलं ओरडतात ना, "थंड, थंड, गरम, गरम", तसं चाललं होतं. शेवटी आम्ही एका टेबलाच्या खालच्या खणापाशी पोचलो. खणात काय, तर मागल्याच्या मागल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची उरलेली हळकुंडं, सुपाऱ्या आणि एक धन्याची पुडी. हळकुंड उचललं तर ते बोटांत फुटलं. आत भुगा आणि हालचाल.

टेबल ज्यांचं होतं त्यांनी आधी मानलंच नाही. मग म्हणाल्या, "अहो, ते वाण आहे, टाकवत नाही." मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो माझाच. इतके दिवस मी फुलांच्या कपाटात विष ओतत होतो आणि किड्यांचं माहेर दाराबाहेर दहा पावलांवर होतं. फवारणीवर झालेल्या खर्चात शंभरेक सापळे आले असते.

खण रिकामा झाला तरी कागदांत शिरलेल्या अळ्यांचं काय? त्यासाठी गावातल्या आइस्क्रीमवाल्याचा एक डीप फ्रीझर भाड्यानं घेतला. कागदांचे गठ्ठे पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळायचे, उणे २० अंशांत दोन आठवडे ठेवायचे, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही. घाई केली तर गार कागदावर हवेतली वाफ जमते आणि किडा मरून बुरशी येते. मोठ्या संग्रहालयांत उणे ३० अंश असतं, तिथे तीन दिवसांत काम होतं. काही ठिकाणी वस्तू नायट्रोजनच्या तंबूत ठेवून किड्यांना प्राणवायू तोडतात, त्याला आठवडे लागतात. या उपायांनी वस्तूवर विष राहत नाही. मात्र ते अख्ख्या इमारतीला करता येत नाहीत, कुठल्या कपाटाला करायचे ते माहीत असावं लागतं. सापळ्याची गरज नेमकी इथे आहे.

विषाचा इतिहास सांगितल्याशिवाय हे पटणार नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेत्झ गावच्या बेकेर नावाच्या औषधविक्रेत्यानं आर्सेनिकचा साबण तयार केला. पक्ष्यांच्या कातड्याला आतून तो चोळला की कीड लागत नाही. हा साबण जगभर गेला. वनस्पतींच्या कागदांवर पाऱ्याचा क्षार लावायची पद्धत होती. पुढे डीडीटी आलं, मिथाइल ब्रोमाइड आलं. कीड गेली, पण विष वस्तूतच राहिलं. आजही जुन्या पक्ष्याच्या नमुन्याला हात लावताना, तो लंडनचा असो की मुंबईचा, त्यात आर्सेनिक आहे असं धरूनच हातमोजे चढवावे लागतात. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं संग्रहालयांनी मूळ रहिवाशांच्या पवित्र वस्तू परत द्यायला सुरुवात केली, तेव्हा हॉपी लोकांना मिळालेल्या वस्तूंत आर्सेनिक सापडलं. त्या वस्तू काचेआड ठेवायच्या नव्हत्या, विधीत वापरायच्या होत्या. काचेआड त्या सुरक्षित होत्या आणि घरी आल्यावर घातक ठरल्या. मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला मारक म्हणून माँट्रियल करारानं बाद झालं. विकसित देशांत २००५ मध्ये त्याचा सर्वसाधारण वापर थांबला, आणि तिथली संग्रहालयं नाइलाजानं मोजायला शिकली. नाइलाज हा चांगला शिक्षक आहे, पण त्याची फी फार असते.

आपल्याकडे तो धडा शेतात मिळाला. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ भागात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बोंडअळीसाठी शिफारस साधी आहे. हेक्टरी ५ सापळे लावा, आणि सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी ८ पतंग आले तरच पुढचा उपाय करा. आठच्या खाली असेल तर पंप खांद्यावर घेऊ नका. मला हा आठाचा आकडा फार सभ्य वाटतो. हातातलं विष थांबवायचं सामर्थ्य त्यात आहे.

संग्रहालयाला असा आकडा नाही. शेतात शंभर बोंडांतली पाच गेली तर हिशेब करता येतो. पण ज्या एका नमुन्यावरून वनस्पतीच्या जातीचं नाव ठरलं, तो नमुना जगात एकच असतो. पैठणीचा एक पदर, पगडीचा एक तुरा, यांची टक्केवारी कशी काढणार? म्हणून आमचा आकडा बाहेरून येत नाही, आमच्याच वहीतून येतो. याच खोलीत, याच महिन्यात, मागल्या वर्षी किती होते? तेव्हा शून्य होते आणि आज दोन आहेत, तर दोन पुष्कळ झाले. तेव्हा नऊ होते आणि आज दोन आहेत, तर चहा घ्यायला हरकत नाही. तोच दोन, आणि अर्थ दोन. पण मागल्या वर्षीचा रकाना कोरा असेल तर? मग दोनाचा अर्थ सांगायला ब्रह्मदेवही येणार नाही.

पूर्वी आपल्याकडे दप्तराचे रुमाल बांधताना, पोथ्या ठेवताना वेखंड घालायचे. वेखंडात किड्यांना न मानवणारं द्रव्य आहे, हे खरंच आहे. तरी माझा अंदाज असा, की पोथ्या वाचवल्या त्या वेखंडापेक्षा उघडणाऱ्या हातांनी. वर्षातून एकदा बासन सोडायचं, पानं वारा खायला ठेवायची, झटकायची, पुन्हा बांधायची. जपानमध्ये नारा इथल्या शोसोइन या आठव्या शतकातल्या खजिन्याचीही दर शरद ऋतूत तपासणी होते. ज्या घरात पोथीची नुसती पूजा झाली, तिथे मात्र वाळवीनं आतला मजकूर खाऊन वर कापड तेवढं शिल्लक ठेवलं.

वाळवीचं नाव निघालंच आहे, तर सांगून टाकतो. तिच्यासाठी असला सापळा नाही. चंदेरी किड्यासाठीही कामाचा गंध बाजारात नाही, तिथे भिंतीलगत साधा चिकट पुठ्ठा ठेवायचा आणि चालताचालता जे अडकेल ते बघायचं. आम्ही शिकलो ती पुस्तकं थंड देशांतली, तिथे वाळवीला फारशी जागा नाही. आपल्याकडची पहिली शत्रू ती, तिच्यासाठी पाया, ओल आणि भिंती बघण्याला पर्याय नाही. कामगंध सापळा घेतला म्हणजे कीड-व्यवस्थापन झालं, असं सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पुस्तकांत नसलेल्या आणखी काही गोष्टी. आपल्याकडे सापळ्यात पहिली येते ती पाल. अडकलेले किडे खायला येते, स्वतः अडकते, आणि सोडवायला तेलाचा बोळा घेऊन बसावं लागतं. तोवर पुरावा तिच्या पोटात गेलेला असतो. पाल नसेल तर मुंग्या. त्या चिकटलेला किडा तुकड्या-तुकड्यानं पळवतात, एखादा पंख तेवढा ठेवतात. उन्हाळ्यात दोन आठवड्यांत चिकट थरावर धुळीचं पीठ बसतं आणि भुंगेरा त्यावरून फिरायला निघाल्यासारखा चालत जातो. गुंडीचा गंध साधारण दोन-तीन महिने टिकतो, आपल्या मे महिन्यात त्याहून कमी धरावा. आणि सगळ्यांत मोठा धोका झाडूचा. एका ठिकाणी मी लावलेले सगळे सापळे सफाई करणाऱ्या मावशींनी पाहुणे येणार म्हणून एका सकाळी गोळा करून टाकून दिले. चूक माझी होती. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी मी नकाशा त्यांच्याच हातात दिला. त्यानंतर मोजणी कधी चुकली नाही, आणि कुठल्या खिडकीवर कबुतरांनी घरटं केलं, कुठल्या झरोक्यात मेलेला पक्षी पडलाय, हे मला त्यांच्याकडून कळू लागलं. कबुतराचं घरटं म्हणजे लोकरीच्या अळीचं आणि गालिच्याच्या भुंगेऱ्याचं कोठार. इंग्लंडच्या जुन्या वाड्यांत हेच कोठार धुरांड्यात असतं.

त्या वाड्यांत गेल्या काही वर्षांत लोकरीचे पतंग फार वाढले. इंग्लिश हेरिटेज ही संस्था तिथली शेकडो ऐतिहासिक स्थळं सांभाळते. पाच वर्षांत सापळ्यांतली संख्या दुप्पट झाली, असं तिच्या नोंदींतून दिसलं. दुप्पट म्हणता आलं, कारण आधीची पाच वर्षं कुणीतरी मोजत होतं. नॉरफकमधल्या ब्लिकलिंग हॉलमध्ये रशियाच्या कॅथरीन राणीनं भेट दिलेला एक भलामोठा भिंतपडदा आहे. तो वाडा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टनं तिथे २०२१ मध्ये पतंगांच्या अंड्यांवर वाढणाऱ्या अतिसूक्ष्म गांधीलमाश्या सोडल्या आणि जोडीला मादीचा गंध हवेत पसरवून नरांची दिशाभूल केली. सगळीकडूनच ती बोलावतेय असं वाटलं की नर कुठेच पोचत नाही. बोंडअळीवरही हाच डाव वापरतात. पण मला त्याहून आवडलं ते इंग्लिश हेरिटेजनं २०१७ मध्ये केलं ते. वाडे बघायला येणाऱ्या लोकांना त्यांनी कामगंध सापळे फुकट वाटले. घरी कपाटात ठेवा, किती सापडले ते आम्हाला कळवा. कीड संग्रहालयाच्या भिंतीशी थांबत नाही, ती लोकांच्या घरातून येते आणि लोकांच्या घरात जाते, एवढं ओळखून.

म्हणून मीही आज रिकाम्या हातानं आलेलो नाही. दाराजवळच्या टेबलावर वीस सापळे ठेवले आहेत. ते सिगारेट-भुंगेऱ्याचे आहेत, कारण आपल्या गावच्या पुस्तकांना, वह्यांना आणि हळदीला त्याचाच उपद्रव जास्त. दहा या वाचनालयाच्या कपाटांसाठी ठेवून घ्यावेत, अशी ग्रंथपालांना विनंती आहे. उरलेले दहा तुम्ही न्या. घरात जुनी कागदपत्रं, पंचांगं, पोथ्या, कुणाच्या आजोबांच्या वह्या असतील त्या कपाटात ठेवा. स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, नाही तर तिथलेच पाहुणे मोजत बसाल. पाठीवर आजची तारीख लिहा. दर रविवारी उघडून बघा आणि सोबतच्या कार्डावर आकडा लिहा. आठ आठवड्यांनी कार्ड इथे आणून द्या.

आणि सापळा रिकामा निघाला तर त्या रविवारच्या रकान्यात ० लिहा. रकाना कोरा सोडू नका.